सायकल कशाला म्हणावे?

तासाचा विक्रम ही सायकलीच्या जगातली फार जुनी आणि फार साधी कसोटी आहे. वारा अडवायला पुढे मोटारगाडी नाही, शेजारी प्रतिस्पर्धी नाही. गोल धावपट्टी, एक माणूस, एक सायकल आणि साठ मिनिटे. १८९३ साली पॅरिसच्या ब्युफालो वेलोड्रोमवर आंरी देग्रांज याने तासाभरात ३५.३२५ किलोमीटर कापले आणि हा हिशेब सुरू झाला. (हाच देग्रांज पुढे 'तूर द फ्रान्स'चा जनक झाला, तो या लेखात पुन्हा भेटणार आहे.) १९१४ साली ऑस्कर एग या स्विस सायकलपटूने तो आकडा ४४.२४७ वर नेऊन ठेवला आणि त्यानंतर एकोणीस वर्षे तो कोणालाही हलवता आला नाही. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रांसिस फोर याने तो हलवला. ४५.०५५ किलोमीटर. अडचण एवढीच होती की फोर हा पहिल्या फळीतला सायकलपटू मानला जात नव्हता, आणि विक्रम करताना तो सायकलीवर वाकून बसलेला नव्हता. तो पाठ टेकून रेललेला होता.

त्याची सायकल दोनच चाकांची होती. चाके लहान, बसायला खोगिरासारखी सीट नव्हे तर पाठ असलेली बैठक, आणि पायडल खाली नव्हे तर समोर. आरामखुर्चीत बसलेल्या माणसाने पाय पुढे करून पायडल मारावे, तसे हे दृश्य. इंग्रजीत अशा सायकलीला 'रिकम्बंट' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी रूढ शब्द नाही, कारण मुळात आपल्याकडे ती वस्तूच फारशी आली नाही. 'रेलसायकल' म्हणावे तर रेल्वेचा घोटाळा होतो. या लेखापुरते तिला आपण 'आडवी सायकल' म्हणू.

ही सायकल तयार करणारे शार्ल मोशे हे हलक्या मोटारी बनवणारे गृहस्थ. त्यांच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. घरच्यांना दुचाकी धोक्याची वाटत होती. म्हणून मोशे यांनी पायडलवर चालणारी चारचाकी बनवली. ती इतकी पळू लागली की मोठ्या माणसांसाठी तशीच गाडी करावी, असे त्यांना वाटले. शेजारी शेजारी दोघांनी बसून पायडल मारायची ही 'व्हेलोकार'. ज्याला मोटार परवडत नाही, पण पावसात भिजायचे नाही आणि बायकोमुलांना घेऊन रविवारी गावाबाहेर जायचे आहे, अशा फ्रेंच कुटुंबाला ती बरी वाटली. तिला गिऱ्हाईक होते. पण वेगात वळण घेताना चारचाकी कलंडण्याची भीती असे. तेव्हा मोशे यांनी तिचे दोन तुकडे करावेत तशी दुचाकी आवृत्ती काढली. पुढे विक्रम करणारी ती हीच.

मोशे सावध गृहस्थ होते. स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्यांनी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला, म्हणजे 'यूसीआय'ला, लिहून विचारले होते. वारा कापण्यासाठी वरून जोडलेले काही तिच्यात नसल्यामुळे तिला हरकत घेण्याचे कारण नाही, असे उत्तर त्यांना मिळाले होते. या उत्तराला पूर्वपीठिका आहे. १९१३ च्या सुमारास एतिएन ब्युनो-वारिया याने सायकलीभोवती टॉर्पेडोच्या आकाराचे कवच बसवले होते, मार्सेल बेर्ते याने त्यावर वेगाचे विक्रम केले होते, आणि यूसीआयने १९१४ साली अशा वायुरोधी कवचांवर बंदी घातली होती. म्हणजे नियम होता तो 'वरून जोडलेल्या' गोष्टींविषयी. शरीराने कसे बसावे याविषयी नियम नव्हता, कारण ते वेगळ्या प्रकारे बसू शकते हेच कोणाच्या मनात आले नव्हते. नियम नेहमी झालेल्या गोष्टींचे असतात.

आधी मोशे यांनी आंरी लेम्वान या नामवंत खेळाडूला ती चालवून पाहायला दिली. त्याला ती आरामशीर वाटली, पण शर्यतीत तिच्यावर बसून हसे करून घ्यायला तो तयार झाला नाही. फोर तयार झाला. त्याचीही थट्टा झाली. 'झोपायला निघालास काय?' या जातीची. मग तो जिंकू लागला आणि थट्टा थांबली. थट्टेच्या जागी तक्रार आली.

फेब्रुवारी १९३४ मध्ये यूसीआयच्या सभेत विषय निघाला. फोरचा विक्रम मान्य करायचा की नाही, एवढाच खरे तर प्रश्न होता. पण त्याचे उत्तर देण्यासाठी सभेला एक दुसरा प्रश्न सोडवावा लागला: सायकल म्हणजे काय? काहींना या यंत्रात सायकलीचे भविष्य दिसले, काहींना ती सायकलच वाटेना. शेवटी व्याख्या करण्यात आली आणि ती सेंटिमीटरमध्ये करण्यात आली. पायडलचा आस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंचीवर हवा. सीटचे टोक त्या आसाच्या फार तर १२ सेंटिमीटर मागे असावे. १ एप्रिल १९३४ पासून हे लागू झाले. आडव्या सायकलीचे नावही न घेता ती स्पर्धेच्या जगातून बाहेर गेली, आणि फोरचा आकडा निराळ्या रकान्यात टाकण्यात आला. त्याच वर्षी शार्ल मोशे वारले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटावा. 'ही कविता चांगली नाही' असे म्हणणे आणि 'ही कविताच नव्हे' असे म्हणणे, यांत फरक आहे. पहिल्या विधानाला प्रतिवाद करता येतो. दुसऱ्याने वादाचे मैदानच काढून घेतले जाते. मराठीत मुक्तछंदाला आणि नवकवितेला हे दुसरे विधान पुरेपूर ऐकावे लागले आहे. यूसीआयने आडवी सायकल वाईट आहे, धोक्याची आहे, असे म्हटले नाही. ती सायकल नाही असे म्हटले. फरक इतकाच की कवीला कागद पुरतो, मासिकाने नाकारले तरी तो लिहू शकतो. सायकल बनवणाऱ्याला कारखाना, सुटे भाग आणि गिऱ्हाईक लागते.

आडव्या सायकलीचे चाहते ही गोष्ट गेली कित्येक दशके एकाच सुरात सांगत आले आहेत. एक उत्तम यंत्र होते, कारखानदार आणि संघटना घाबरले, त्यांनी ते दाबले, नाहीतर आज आपण सगळे पाठ टेकून कामावर गेलो असतो. हुतात्म्याची कथा सांगायला सोपी असते. ती पूर्ण खोटी नाही, पण तिच्यात आकड्यांना जागा नाही. आकडे पाहू.

फोरने एगचा विक्रम मोडला तो ८०८ मीटरनी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात यान फान हाउट या डच खेळाडूने साध्या सायकलीवर ४४.५८८ किलोमीटर कापले आणि चारच दिवसांनी मोरिस रिशार या फ्रेंच खेळाडूने, तेही साध्याच सायकलीवर, ४४.७७७. म्हणजे एकोणीस वर्षे अढळ राहिलेला एगचा आकडा एकाच उन्हाळ्यात तिघांनी ओलांडला आणि त्यांतल्या दोघांना आडवे व्हावे लागले नाही. पुढे ऑक्टोबर १९३५ मध्ये ज्युसेप्पे ओल्मो या इटालियन खेळाडूने मिलानमध्ये ४५.०९० किलोमीटर कापले. बाद ठरवलेल्या आकड्याच्या पुढे ३५ मीटर! ज्या यंत्रामुळे खेळ बिघडेल अशी भीती होती, त्याला साध्या सायकलीने दोन-सव्वादोन वर्षांत गाठले.

यावरून आडवी सायकल कुचकामाची होती असे म्हणायचे काय? नाही, कारण दुसरेही आकडे आहेत. नोव्हेंबर १९३३ मध्ये चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या बेर्तेने, होय, तोच टॉर्पेडोवाला बेर्ते, कवच घातलेल्या सायकलीवर तासाला ४९.९९२ किलोमीटर कापले. पन्नासाला आठ मीटर कमी. आणि ५ मार्च १९३९ रोजी फोरने कवच घातलेल्या व्हेलोकारवर ५०.५३७ किलोमीटर कापले. एडी मर्क्स हा अनेकांच्या मते आजवरचा सर्वश्रेष्ठ सायकलपटू; त्याने १९७२ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत केलेला विक्रम ४९.४३१ चा आहे. मान्यताप्राप्त सायकलीवर पन्नासाची रेषा ओलांडली गेली ती थेट जानेवारी १९८४ मध्ये, फ्रांचेस्को मोझर याच्याकडून. त्याच्या सायकलीला आऱ्यांऐवजी भरीव तबकड्यांची चाके होती. वारा कापण्यासाठी वरून जोडलेल्या गोष्टींवर १९१४ पासून बंदी असताना या तबकड्या चालल्या कशा? त्या जोडलेल्या नव्हत्या, चाकच तसे होते, म्हणून. व्याख्येचा धर्मच असा आहे. ती एका दाराने अडवते आणि दुसरे दार उघडे ठेवते.

पण हे सगळे वेगाविषयी झाले. आणि वेगाची चर्चा ही उपयुक्ततेची चर्चा नव्हे. सायकलवाल्यांचे जे वाद पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत त्यांत हीच गल्लत वारंवार होते. एक जण म्हणतो, आडवी सायकल वेगवान आहे. दुसरा म्हणतो, पण ती घेऊन मी जिना कसा चढू? दोघेही खरेच बोलत असतात आणि दोघांचेही एकमेकांना उत्तर नसते.

आक्षेप गंभीर आहेत. चढावर वारा फारसा नसतोच, वजनच सगळे असते. तिथे साध्या सायकलीवर माणूस उभा राहून सगळा भार पायडलवर टाकू शकतो, आडव्यावर ते शक्य नाही. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना, वेग नसताना, तिचा तोल सांभाळायला शिकावे लागते. चेन लांबलचक असते. मालमोटारीच्या चालकाला खाली बसलेला माणूस दिसेल की नाही याची शंका असते. ठेवायला जागा जास्त लागते आणि किंमतही जास्त पडते. तिच्या बाजूचे म्हणणेही तितकेच सबळ आहे. मान, मनगटे आणि बूड दुखत नाही. पडलात तर उंचावरून पडत नाही. करकचून ब्रेक लावला तर हँडलवरून डोक्यावर उलटत नाही. आणि सपाट रस्त्यावर समोरच्या वाऱ्यात दुसरे कोणी शिव्या घालीत असताना तुम्ही शीळ घालीत जाता. हवेचा अडथळा हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. वाऱ्यासमोर येणारे अंग कमी करणे हा म्हणूनच काही चैनीचा विचार नव्हे.

मग इतिहास या वादात काय सांगतो? मला वाटते, तो दोन उदाहरणे पुढे ठेवतो आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी बोट दाखवतात.

पहिले उदाहरण हवा भरलेल्या टायरचे. मोशे यांच्याप्रमाणेच जॉन बॉइड डनलप यांनीही तो आपल्या मुलासाठीच केला होता, मुलाच्या तीनचाकीसाठी, बेलफास्टमध्ये, १८८८ साली. जाडजूड, फुगलेले, विचित्र दिसणारे हे टायर लोकांना हास्यास्पद वाटले. १८ मे १८८९ रोजी विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले. तो जिंकला. ज्यांना त्याने हरवले त्यांत हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. द्यू क्रो हे आयर्लंडच्या सायकल संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी तक्रार केली नाही. ते टायरच्या कंपनीत शिरले. काही वर्षांतच भरीव रबरी टायर इतिहासजमा झाले. आज आपण ज्या सायकलीला साधी, नैसर्गिक, सायकलीसारखी सायकल म्हणतो, ती स्टार्लीची १८८५ ची 'रोव्हर' आणि डनलपचा टायर यांच्या संयोगातून जन्मली. आणि दोन्ही त्या काळी तिरपागडीच समजली जात होती. उंच चाकावर बसणाऱ्या मर्दांना रोव्हर ही भित्र्यांची गाडी वाटे. यूसीआयची स्थापना १९०० साली झाली. ती १८८९ मध्ये असती आणि ह्यूमच्या सायकलीला तिने फूटपट्टी लावली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आडव्या सायकलीचे भक्त विचारतात, आणि तो योग्य आहे. शर्यत ही नव्या रचनेची जाहिरात असते, आणि प्रयोगशाळाही असते. तिथून हाकलले की रचना सुधारण्याचा वेग मंदावतो. १९३४ नंतर नेमके तेच झाले. एका बाजूला हजारो खेळाडू, शेकडो कारखाने साध्या सायकलीचा एकेक ग्रॅम आणि एकेक मिलिमीटर घासत राहिले. दुसऱ्या बाजूला तुरळक हौशी मंडळी आपापल्या गॅरेजमध्ये पहिल्यापासून सुरुवात करत राहिली. ओल्मोचे ३५ मीटर मी याच प्रकाशात वाचतो.

दुसरे उदाहरण गिअरचे. आता देग्रांज पुन्हा भेटतो. त्याच्या मते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खऱ्या मर्दाने आपल्या स्नायूंच्या जोरावर जिंकावे. (या वयाच्या उंबरठ्यावर असलेल्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.) चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डीरेलर त्याने आपल्या 'तूर'मध्ये चालू दिला नाही. आल्प्सच्या घाटाच्या पायथ्याशी खेळाडू उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला मिळे, आणि मग चढू लागत. १९३७ साली एकदाची परवानगी मिळाली. म्हणजे स्पर्धेच्या जगातून गिअरलाही तीन दशकांहून अधिक काळ वनवास होता. पण गिअर मेला नाही. का?

त्याचे श्रेय सेंट-एतिएन या गावच्या पॉल द विवी यांच्याकडे जाते. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारा हा संपादक 'ले सिक्लिस्त' हे मासिक चालवी, आणि त्याच्या भोवती शर्यतीशी देणेघेणे नसलेल्या, भटकायला निघणाऱ्या सायकलस्वारांचा एक संप्रदायच उभा राहिला होता. गाव डोंगराळ. गिअर ही त्यांची हौस नव्हती, रोजची गरज होती. ते गिअर बनवत, मोडत, पुन्हा बनवत आणि त्यावर मासिकात भांडत. त्या भांडणांतून गिअर सुधारला. स्पर्धेची जागा मासिकाने आणि घाटाने घेतली, असे म्हणता येईल. १९३७ साली देग्रांजची स्पर्धा ज्या गिअरला शरण गेली तो व्हेलोसिओच्या पंथाने तोवर वापरून वापरून पक्का केला होता. व्हेलोसिओ स्वतः ते पाहायला राहिला नाही. तो १९३० साली वारला.

मग आडव्या सायकलीला असा पंथ का मिळाला नाही? माझे उत्तर असे की गिअर हा असलेल्या सायकलीला जोडता येत होता. आपली जुनीच सायकल, जुनेच दुकान, जुनाच मेकॅनिक. एक भाग बदलला की झाले. डनलपच्या टायरचेही तेच. आडवी सायकल मात्र अख्खीच नवी घ्यावी लागते. तिची फ्रेम, बैठक, हँडल, चेनची लांबी, सगळे निराळे. एखादी वस्तू व्यवहार्य आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपण फक्त त्या वस्तूविषयी बोलत नसतो; कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तिच्या मापाची ट्यूब असण्याविषयीही बोलत असतो. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात 'फँटम' नावाच्या पायडल-मोटारीचे नकाशे हजारोंनी विकले गेले आणि त्यांतल्या फारच थोड्या गाड्या रस्त्यावर आल्या, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इच्छा होती, नकाशा होता. मधला सुतार-लोहार नव्हता. उलट जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोशे यांच्या चारचाकी व्हेलोकारला गिऱ्हाईक वाढले. गाडी तीच, मुलगा जॉर्ज ती बनवत होता. बदलली होती ती परिस्थिती. युद्ध संपले, पेट्रोल आले, आणि जॉर्ज मोशे यांनी त्या गाडीला इंजिन बसवले.

यानंतरचा इतिहास दोन धारांनी वाहतो आणि मला त्यांतली गाजलेली धारा कमी महत्त्वाची वाटते. १९७५ साली कॅलिफोर्नियात चेस्टर काईल या प्राध्यापकाच्या पुढाकाराने, कसलेही नियम नसलेली मानवचलित वाहनांची स्पर्धा भरली, आणि पुढच्याच वर्षी तशा वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. तिथून वेगाचे आकडे झपाट्याने वाढत गेले. १९८६ मध्ये फ्रेड मार्कहम याने ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटातल्या सपाट रस्त्यावर टॉड रायकर्ट याने १४४.१७. तासाच्या विक्रमातही अशा कवचबंद वाहनाने त्याच वर्षी ९२ किलोमीटरांच्या पुढे मजल मारली, तर मान्य सायकलीवरचा फिलिप्पो गान्ना याचा २०२२ चा आकडा ५६.७९२ आहे. हे सारे थक्क करणारे आहे. पण त्या विक्रमी वाहनात शिरलेल्या माणसाला बाहेरून बंद करावे लागते, निघताना धरून ढकलावे लागते आणि थांबताना दुसऱ्यांनी झेलावे लागते. त्याच्या बळावर 'आडवी सायकल व्यवहार्य आहे' असे म्हणणे म्हणजे विमानाच्या वेगाचा दाखला देऊन एसटीची भलामण करण्यासारखे आहे.

दुसरी धारा संथ आहे. १९८० च्या आसपास डेन्मार्कच्या कार्ल गेऑर्ग रासमुसेन यांनी 'लाइट्रा' ही कवचबंद तीनचाकी केली आणि ते ती रोजच्या प्रवासाला, पावसात, बर्फात वापरत राहिले. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये बार्ट फरहेस यांच्या 'आलेवेडर'ने ती वाट पुढे नेली. नावाचा अर्थच मुळी 'सर्व हवामान'. सपाट देश, सततचा वारा, पाऊस, सायकलींसाठी वेगळे रस्ते. तिथे अशा वाहनांचे वापरकर्ते टिकून आहेत. याउलट १९८५ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'सी-५' ही बॅटरी आणि पायडल दोन्हींवर चालणारी बुटकी तीनचाकी मोठ्या गाजावाजाने बाजारात आणली आणि काही महिन्यांतच तिचे उत्पादन बंद पडले. तिथे कोणत्याही संघटनेने बंदी घातली नव्हती. लंडनच्या रहदारीत लॉरीच्या चाकाच्या उंचीवर बसून थंडीत भिजत जायला लोक तयार नव्हते, इतकेच. तिथे थट्टा करणारे बरोबर होते.

स्पर्धेच्या जगाने मात्र १९३४ चा धडा गिरवणे सोडले नाही. ग्रेम ऑब्री या स्कॉटिश खेळाडूने जुन्या धुलाई यंत्राचे बेअरिंग वापरून सायकल बनवली, हात छातीखाली दुमडून बसण्याची स्वतःची तऱ्हा शोधली आणि १९९३ मध्ये तासाला ५१.५९६ किलोमीटर कापले. १९९४ मध्ये त्या बैठकीवर बंदी आली. त्याने हात पुढे ताणण्याची दुसरी तऱ्हा काढली. १९९६ मध्ये तीही गेली. यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ ठरावा, ही यूसीआयची भूमिका आहे आणि खेळापुरती ती मला समजते. बुद्धिबळात घोड्याने अडीच घरेच चालावे. पण ऑब्रीच्या बाबतीत श्रेष्ठ ठरलेला माणूसच होता, यंत्र त्याने भंगारातून उभे केले होते. आजही यूसीआयच्या नियमात सायकलीची दोन चाके समान व्यासाची हवीत आणि तो व्यास ५५ ते ७० सेंटिमीटरांत बसायला हवा.

आणि तरीही याच यूसीआयच्या छत्राखाली गेली काही वर्षे आडवे होऊन शर्यती होत आहेत. २००७ पासून अपंग खेळाडूंच्या सायकल स्पर्धा तिच्याकडे आल्या. त्यांत हाताने पायडल मारायच्या तीनचाकी असतात आणि त्यांतले बरेच खेळाडू जवळजवळ पाठीवर झोपून ती चालवतात. तिथे कोणी 'ही सायकल आहे काय?' असे विचारत नाही, कारण त्या शरीराला कसे बसता येते हा प्रश्न आधी विचारला गेला आहे आणि यंत्र नंतर मोजले गेले आहे. मोशे यांच्या बाबतीत क्रम उलटा होता.

शरीर आधी मोजण्याचा हा क्रम आपल्याकडच्या एका प्रयत्नातही दिसतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षाची नवी रचना केली. मूळ रिक्षा ही सायकलीचा पुढचा भाग आणि टांग्याचा मागचा भाग जोडून झालेली. गिअर नाहीत, ब्रेक बेताचे, दोन माणसे बसली की चढावर ओढणारा खाली उतरून ढकलतो. फलटणच्या रिक्षेत गिअर आले, ब्रेक सुधारले, पुढे विजेची मदत देणारी आवृत्तीही झाली. इथे वेगाच्या विक्रमाचा प्रश्न नव्हता, ओढणाऱ्याच्या छातीचा आणि गुडघ्यांचा होता. ही रिक्षा व्यवहार्य आहे की नाही, याची चर्चा करताना मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्या देशात सायकलरिक्षा ओढणारा बहुधा तिचा मालक नसतो. तो ती रोजच्या भाड्याने घेतो. गिअरचा खर्च मालकाने करायचा आणि गुडघे वाचणार ते भाडेकरूचे. लेम्वानला निदान हसे होईल म्हणून नाही म्हणण्याची सोय होती.

हाताने चालवायच्या तीनचाकीही आपल्याला नव्या नाहीत. तहसील कचेरीच्या आवारात, बसस्थानकाच्या बाहेर, देवळाच्या पायरीशी त्या उभ्या दिसतात. छातीसमोर फिरवायचा दांडा, खाली पुढच्या चाकापर्यंत गेलेली चेन, मागे कुबड्या ठेवायची जागा. शिबिरांतून त्यांचे वाटप होते, फोटो निघतात. चढ आला की मागून कोणीतरी ढकलावे लागते. व्हेलोसिओ जाऊन नव्वदहून अधिक वर्षे झाली. रस्त्यावर दिसणाऱ्या या तीनचाकींपैकी बहुतेकींना अजून एकच गिअर आहे.